गौरव आणि ग्रीव्हन्स : एका शब्दाचे गोत

(श्रीक्षेत्र जोतिबा येथे भरलेल्या ज्ञातिसंमेलनात, गौरवसमारंभापूर्वी केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस भाषणाचा विषय विचारला, तेव्हा ‘इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळे’ असे आम्ही कळविले. ते वाचून चालक मंडळी थोडी विचारात पडली असावीत. कारण दोन दिवसांनी त्यांचा उलट प्रश्न आला की, जोतिबाच्या डोंगरावर, देवाच्या दारी, लॅटिन कशास? प्रश्न रास्त होता. उत्तरादाखल आम्ही त्यांचीच कार्यक्रमपत्रिका त्यांच्यापुढे ठेवली. तीत आमच्या भाषणानंतर उत्तीर्ण विद्यार्थ्यांचा आणि वयोवृद्ध सनईवादकांचा गौरव आहे, आणि अखेरीस देवस्थान इनाम जमिनींविषयीच्या तक्रारींचे ठराव आहेत. हे ठराव इंग्रजीत उतरतील तेव्हा त्यांच्या माथ्यावर ‘ग्रीव्हन्सेस’ हा शब्द येईल. आपला ‘गौरव’ आणि इंग्रजांचा ‘ग्रीव्हन्स’ हे दोन्ही शब्द एकाच रक्ताचे आहेत. ते नाते कसे, एवढेच आज सांगावयाचे आहे. त्यातून मुलांची इंग्रजी थोडी सुलभ झाली तर ठीकच. परंतु आमचा खरा हेतू निराळा आहे, आणि तो आधीच सांगून टाकतो.

काही दिवसांपूर्वी आपल्यातील एक तरुण आमच्याकडे आला. शहरात चांगल्या नोकरीस आहे. आडनाव बदलण्याचा विचार आहे, राजपत्रात नाव कसे द्यावयाचे ते सांगा, असे म्हणाला. आम्ही कारण पुसले. तो म्हणाला, “कचेरीत विचारतात, गुरव म्हणजे काय? मी सांगतो, देवळातले पुजारी. मग कोणीतरी हसून ‘गुरवाचे लक्ष निवदावर’ ही म्हण ऐकवतो. रोज कोण उत्तर देणार?” म्हण जुनी आहे आणि ती खोटी आहे असे म्हणण्याचा आव आम्ही आणणार नाही, ज्याचे पोट नैवेद्यावर अवलंबून ठेवले, त्याचे लक्ष दुसरीकडे जावे तरी कोठे? पण म्हणीत आहे तेवढाच आपल्या नावाचा अर्थ, असे त्या तरुणाने धरून चालावे, याचे आम्हांस वाईट वाटले. त्या दिवशी त्यास जे तुटक बोललो, तेच येथे सविस्तर मांडीत आहो.

लॅटिन भाषेत ‘ग्रविस’ म्हणजे जड. संस्कृतात ‘गुरु’ म्हणजेही जड. शिकविणारा तो गुरु, हा अर्थ मागाहूनचा. ज्याच्या शब्दाला वजन आहे तो गुरु, असा त्याचा प्रवास झाला. छंदःशास्त्रात लघु आणि गुरु अक्षरे मोजतात, तेथे तो मूळचा वजनाचा अर्थ अजून टिकून आहे. जड अन्नास आपण ‘गरिष्ठ’ म्हणतो. हे गुरु शब्दाचेच सर्वांत वरच्या प्रतीचे रूप होय. ‘इष्ठ’, ‘ईयस्’ आणि ‘इमन्’ हे प्रत्यय लागताना गुरुचे ‘गर्’ होते असा पाणिनीचा नियमच आहे, म्हणून गरिष्ठ, गरीयस् आणि गरिमा. आणि गुरु या शब्दापासून जे भाववाचक नाम होते, ते ‘गौरव’. म्हणजे ज्यांचा आज आपण गौरव करणार, त्यांना शब्दशः आपण वजन देणार आहोत. शाल-श्रीफळ हे त्या मानाने हलकेच.

आता कोणी म्हणेल की, ग्रविस हा गुरुचा अपभ्रंश असेल. अशा व्याख्यानांतून हे विधान टाळ्या घेऊन जाते. सर्व भाषा संस्कृतापासून निघाल्या असे म्हटले की मन सुखावते. पण ते खरे नव्हे. कलकत्त्यास २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना सर विल्यम जोन्स यांनी जे सांगितले, ते आजही ढोबळ मानाने मान्य आहे : संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांतील साम्य इतके घट्ट आहे की, त्या तिघी एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात, आणि तो स्रोत आता कदाचित शिल्लकही नसेल. म्हणजे संस्कृत ही लॅटिनची आई नव्हे, बहीण. इंग्रजीही त्याच गोतातली, पण दुसऱ्या घरची. तिने लॅटिन शब्द पुष्कळसे फ्रेंचच्या हातून, १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, उसने घेतले.

गुरु आणि ग्रविस यांचे साम्य केवळ कानाला लागते म्हणून आम्ही सांगत नाही. याच कुळातील ग्रीक शब्द ‘बारुस’ असा आहे. कोठे गु आणि कोठे बा? परंतु हा फरक नियमाने होतो. संस्कृत ‘गो’, तर ग्रीकांत ‘बूस’, म्हणजे बैलच. संस्कृत ‘गम्’, तर ग्रीकांत ‘बैनो’, म्हणजे मी जातो. जेथे आपला ग तेथे त्यांचा ब, असा हा एक ठरलेला वर्ग आहे. लॅटिनकडे पाहावयाचे तर गुरुचे स्त्रीलिंगी रूप ‘गुर्वी’ आणि लघुचे ‘लघ्वी’ ही मोठ्याने उच्चारावीत, आणि लगेच लॅटिन ‘ग्रविस’ आणि ‘लेविस’ म्हणावे. लेविस म्हणजे हलका. त्या दोन शब्दांच्या शेवटचा ‘वि’ कोठून आला हे कान सांगेल. पंडितही तेच सांगतात की, लॅटिनमधील ही विशेषणे अशा जुन्या स्त्रीलिंगी रूपांवरून घडली. ‘स्वाद्वी’ आणि लॅटिन ‘स्वाविस’, म्हणजे गोड, ही जोडीही त्याच घडणीची. ग्रीक बारुसची मुले इंग्रजीत थोडी, पण ओळखीची आहेत. हवेचे वजन मोजणारा बॅरोमीटर हा त्यांतला एक. दुसरा बॅरिटोन, म्हणजे पुरुषाचा भारदार आवाज. आपल्यातील सनई-पखवाजाच्या जाणकारांना जड आवाज आणि हलका आवाज यांतील भेद आम्ही सांगावा असे नाही.

ग्रविसपासून इंग्रजीत जे शब्द आले, त्यांतला पहिला ‘ग्रॅव्हिटी’. न्यूटनने १६८७ साली आपला महान ग्रंथ लॅटिनमध्येच लिहिला, आणि पदार्थ ज्या कारणाने खाली येतो त्यास जडपणाचेच नाव दिले. आपण त्याचे भाषांतर ‘गुरुत्वाकर्षण’ असे केले ते किती नेमके, पाहा! भाऊ हरवला होता, तो भाषांतरात सापडला. वैशेषिकांनी वस्तू पडण्याचे कारण ‘गुरुत्व’ असेच सांगितले होते, आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वी जड पदार्थास ओढते हे सांगताना ‘गुरु’ हाच शब्द योजिला आहे. मात्र ती ओढ किती, अंतर वाढले म्हणजे ती कशी घटते, याचे गणित न्यूटनने दिले. आपल्या पूर्वजांचे श्रेय त्यांना द्यावे, न्यूटनचे न्यूटनला.

जाता जाता एक गंमत. गुरुवारचा जो गुरु ग्रह, तो देवांचा आचार्य म्हणून गुरु. त्याच्या वजनाची जुन्यांना कल्पना नव्हती. पण सूर्यमालेतील सर्वांत जड ग्रह तोच निघाला. पृथ्वीच्या सुमारे ३१८ पट. त्याचे इंग्रजी नाव ‘ज्युपिटर’ हे तर वेदांतील ‘द्यौष्पितर्’चे सख्खे भावंड, म्हणजे प्रकाशमान आकाशरूपी पिता. ज्या देवाच्या डोंगरावर आपण बसलो आहो त्याच्या नावातील ‘ज्योति’ ही प्रकाशाच्या त्याच घराशेजारची. पण ते कूळ निराळे. त्याचे भाषण पुढील वर्षी कोणी तरी करावे.

‘ग्रेव्ह’ म्हणजे गंभीर. प्रकृती ग्रेव्ह आहे, परिस्थिती ग्रेव्ह आहे, असे आपण ऐकतो. प्राचीन रोमन लोक ‘ग्रॅव्हिटास’ हा पुरुषाचा मोठा गुण मानीत; उथळ न बोलणे, उगाच न हसणे, शब्द तोलून वापरणे. आपण ‘भारदस्त’ म्हणतो तो हाच माणूस. ‘अॅग्रव्हेट’ म्हणजे वजनात वजन घालणे, आणि म्हणून आजार वा भांडण वाढविणे. ‘ब्रूट’ हा शब्दही लांबून याच घरचा : लॅटिनात ‘ब्रूटुस’ म्हणजे जड, मग जड बुद्धीचा, मग पशू. मराठीतील ‘जड’ शब्दाने हाच प्रवास स्वतंत्रपणे केला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आमच्या सुटीतील वर्गात परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक मुलगी येत असे. प्रसूतिकक्षातील कागदांवर ‘ग्रॅव्हिडा’ असा शब्द असतो. स्त्री कितव्या वेळी गरोदर आहे ते त्याने दाखवितात. हा शब्द पाठ होत नाही, अशी तिची अडचण होती. आम्ही तिला संस्कृतातील ‘गुर्विणी’ हा शब्द सांगितला. गुर्विणी म्हणजे गर्भवती, भार वाहणारी. लॅटिनमध्ये ग्रॅव्हिडा म्हणजे तीच. तिने वहीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि पुन्हा कधी विसरली नाही. पुढे एके दिवशी ‘ग्रीफ’ शब्द आला. ग्रीफ म्हणजे शोक. जुन्या फ्रेंचमधील ‘ओझे घालणे’ या क्रियापदावरून तो निघाला, असे आम्ही फळ्यावर लिहिले. त्या मुलीचे वडील त्याच वर्षी गेले होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ती म्हणाली, “म्हणजे इंग्रजांनाही दुःख जडच लागते.” त्यावर शिक्षकाने बोलण्यासारखे काही उरले नव्हते. आम्ही पुढचा शब्द घेतला.

तो पुढचा शब्द ‘ग्रीव्हन्स’. मनावरचे ओझे ते ग्रीफ. ज्यामुळे ओझे पडले ते कारण, म्हणजे अन्याय, आणि त्या अन्यायाविरुद्ध केलेली तक्रार, ती ग्रीव्हन्स. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ३२० व्या कलमात ‘ग्रीव्हस हर्ट’ असा शब्दप्रयोग होता. मराठीत त्यास ‘जबर दुखापत’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमातही तो कायम आहे. हाड किंवा दात मोडला वा निखळला, तर कायद्याने ती दुखापत जबर ठरते. गावच्या तंट्यात एखाद्याचा दात पडला आणि त्याने तक्रारीत नुसती ‘मारहाण’ लिहिली, की वजन कमी झाले. शब्दाचे वजन माहीत असणे ही केवळ पंडितांची हौस नव्हे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

मराठीतील ‘गाऱ्हाणे’ हा शब्द मात्र या पंगतीला बसवू नये. गाऱ्हाणे हे ‘गर्ह्’, म्हणजे दोष देणे, या धातूपासून आले आहे. तसाच धोका इंग्रजीत आहे. ‘ग्रेव्ह’ म्हणजे थडगे, हा शब्द गंभीरवाचक ग्रेव्हचा कोणी नव्हे; तो ‘खणणे’ या अर्थाच्या जुन्या जर्मन कुळातील शब्दापासून आला, आणि कोरणे या अर्थाचा ‘एन्ग्रेव्ह’ त्याचाच सोबती. भाजीतील ग्रेव्हीस तर यांतले कोणीच ओळखत नाही. एकसारखे दिसते म्हणून एका कुळातले धरू नये. लग्न जुळविताना आपण जेवढी चौकशी करतो तेवढी शब्दांची करावी.

आता तराजूचे दुसरे पारडे. लघु, लॅटिन लेविस आणि इंग्रजी ‘लाइट’, म्हणजे वजनाने हलका, ही तीन भावंडे आहेत. प्रकाश या अर्थाचा ‘लाइट’ दिसण्यात तंतोतंत तसाच, पण तो ‘रुच्’, ‘रोचन’ यांच्या घरचा. ही दोन जुळी नव्हेत, केवळ एका वेषातली. लेविसपासून ‘लेव्हिटी’ म्हणजे थिल्लरपणा, आणि हलके करणे, म्हणजेच उचलणे, या अर्थाच्या क्रियापदापासून तर पुष्कळच शब्द झाले. उचलण्याचे साधन ते लीव्हर, आपली तरफ वा पहार. उंच करणे ते एलिव्हेट. सरकारने उचललेला कर ती लेव्ही. लेव्हीचे धान्य घातलेल्या शेतकऱ्यांच्या घरी तो शब्द नुसता अर्थाने नव्हे, पोत्यांनी आठवतो. ओझे उतरविणे ते रिलीफ. दुष्काळात रिलीफची कामे निघत ती हीच. पाषाणावर उचलून काढलेले कोरीव काम, त्यासही कलावंत रिलीफ म्हणतात, आणि आपण त्यास ‘उठाव’ म्हणतो. नोकरी सोडताना जे पत्र मिळते ते रिलीव्हिंग लेटर. ओझे नक्की कोणाचे उतरले हे त्यात लिहिलेले नसते. गोव्यातील कार्निव्हलही याच मुळातला : ‘कार्ने’ म्हणजे मांस, ते बाजूस सारणे. ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांपूर्वी जी मौज करून घ्यावयाची, तिचे नाव त्या सोडण्यावरूनच पडले. ‘लेव्हल’ मात्र यांतला नाही. तो लॅटिन ‘लिब्रा’ म्हणजे तराजू, त्या कुळातला.

लघुचे मराठीत ‘हलका’ झाले. अक्षरांची अदलाबदल होऊन. आणि येथे आमचे मन थोडे अडते. संस्कृतात त्याच लघुपासून ‘लाघव’ हा स्तुतीचा शब्द झाला. हस्तलाघव, वाणीचे लाघव. पण गावगाड्याने माणसांवर शब्द लावताना लाघव बाजूस ठेवले आणि ‘हलक्या जातीचा’ हा प्रयोग रूढ केला. एकाने दुसऱ्यास जोखावयाचे आणि पारडे आपण धरावयाचे! बलुतेदारांत गुरवाची गणना होती. बलुत्यासाठी खळ्यावर उभे राहण्याचे दिवस आपल्या आजोबांनी पाहिले. आपल्यास कोणी हलके म्हटले की लागते. आणि आपल्याही तोंडून दुसऱ्या कोणाविषयी तो शब्द गेला नाही, असे छातीवर हात ठेवून किती जणांस सांगता येईल? ज्या कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या मुलखात बसून हा प्रश्न टाळता येत नाही.

‘गुरव’ हा शब्द ‘गुरु’पासून आला असे सर्वसामान्यपणे मानतात. शेजारच्या कन्नडमध्ये ‘गोरव’ असा शब्द आहे, आणि तेथील जुन्या शिलालेखांत तो शैव आचार्यांस व तपस्व्यांस लावलेला आढळतो. आपण महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर राहतो. एक शब्द दोन्ही अंगणांत खेळला तर नवल नाही. तेव्हा त्या तरुणाने कचेरीत काय सांगावे? देवळातले पुजारी हे उत्तर खरेच आहे, ते लपवू नये. पण त्या तीन अक्षरांच्या मागे ‘वजन’ हा अर्थ उभा आहे, एवढेही त्यास माहीत असावे. ज्या शब्दाने न्यूटनने विश्वाच्या ओढीला नाव दिले, त्याच्या चुलत घराण्यातले त्याचे आडनाव आहे.

चैत्र पौर्णिमेस या डोंगरावर सासनकाठ्या येतात. गुलालाने आसमंत लाल होतो, आणि ‘चांगभलं’च्या गजरात ती उंचच उंच काठी एकाच्या खांद्यावर तोललेली असते, चारी बाजूंनी दोर धरणारे सावध असतात. ते वजन किती, हे ज्याने पेलले त्यालाच ठाऊक. पण काठी खांद्यावर घेण्याचा ‘मान’ म्हणतात, ‘हमाली’ कोणी म्हणत नाही. त्या मानाचा क्रम ठरलेला असतो आणि घराणी पिढ्यान्‌पिढ्या तो जपतात. तेच लाकूड, तोच भार, रस्त्याच्या कामावर असता तर मजूर कधी उतरेल म्हणून वाट पाहता. भाराचा गौरव कोठे होतो आणि ग्रीव्हन्स कोठे, हे आम्हांस शब्दकोशापेक्षा या डोंगरानेच अधिक चांगले समजावले.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवितात. आपल्या मुलांच्या वह्यांत शब्दांच्या यादी असतात : स्पेलिंग, उच्चार, अर्थ, उद्या परीक्षा, परवा विसर. त्या यादीत ज्या शब्दाचे गोत मराठीत वा संस्कृतात सापडते, त्याच्या शेजारी ते लिहिण्याची सवय पालकांनी लावावी. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्तिकोश अनेक ग्रंथालयांत मिळतो. त्यात सगळेच बरोबर आहे असे नव्हे, पण मूल त्यात रमते. आमच्या वर्गात ग्रविस आणि लेविस या दोन शब्दांवर तीस इंग्रजी शब्द एका आठवड्यात झाले, आणि एकानेही पाठांतर केले नाही.

तो तरुण आज या सभेत बसला आहे. राजपत्राच्या अर्जाचे त्याने काय केले, हे आम्ही विचारलेले नाही, आणि आपणही कोणी विचारू नये.

वेळ बराच घेतला. गौरवमूर्ती मघापासून ताटकळत आहेत, त्यांना आता बोलवावे. ठराव इंग्रजीत उतरविण्याचे काम ज्या मंडळींकडे आहे त्यांना एक सूचना मात्र करतो. गेल्या वर्षीच्या मसुद्यात ‘ग्रेव्ह ग्रीव्हन्स’ असा प्रयोग आमच्या पाहण्यात आला. ते जडावर जड झाले. यंदा त्यांतला एकच शब्द ठेवावा, आणि जमिनींचे गट क्रमांक तेवढे बिनचूक लिहावेत.